महाराष्ट्रातील हिवाळी हवामान आपत्ती

महाराष्ट्रातील हिवाळी हवामान आपत्ती या संज्ञेत साधारणपणे नोव्हेंबर ते मार्चचा पूर्वार्ध या काळात राज्यात घडणाऱ्या अवकाळी पाऊस, गारपीट, थंडीची लाट, दहिवर गोठणे आणि दाट धुके या घटनांचा समावेश होतो. महाराष्ट्राचा हिवाळा कोरडा, निरभ्र आणि सुखद मानला जातो, आणि बहुतेक वर्षी तो तसा असतोही. राज्याच्या वार्षिक पर्जन्यात या महिन्यांचा वाटा अत्यल्प असतो. मात्र रब्बीची पिके, द्राक्षबागा, आंब्याचा मोहर आणि खळ्यावर आलेला खरिपाचा माल हे सारे याच कोरडेपणाच्या भरवशावर उभे असते. त्यामुळे पावसाळ्यात ज्याची कोणी दखलही घेणार नाही असा वीस-पंचवीस मिलिमीटरचा पाऊस जानेवारीत पडला, तर तो आपत्ती ठरतो.

संज्ञा आणि कालमर्यादा

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या वर्गीकरणानुसार जानेवारी व फेब्रुवारी हे दोनच महिने हिवाळ्याचे आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मोसमी पावसानंतरचा काळ आणि मार्च ते मे हा मोसमी पावसापूर्वीचा काळ समजला जातो. पंचांगातील हेमंत (मार्गशीर्ष-पौष) आणि शिशिर (माघ-फाल्गुन) हे दोन ऋतू मिळून होणारा काळ लोकव्यवहारातील हिवाळ्याला अधिक जवळचा आहे. प्रस्तुत लेखात हाच व्यापक अर्थ घेतला आहे. शेतकऱ्यांच्या नक्षत्रगणनेत स्वातीचा पाऊस हा शेवटचा उपयोगी पाऊस होय. रब्बीच्या पेरणीला तो मानवतो. त्यानंतर येणारा पाऊस ‘अवकाळी’.

‘दहिवर’ हा जुना मराठी शब्द दव आणि गोठलेले दव या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. वृत्तपत्रांत त्याऐवजी ‘हिमकण’ हा शब्द रूढ झाला असून महाबळेश्वरच्या बातम्यांत कधीकधी ‘हिमवर्षाव’ असेही छापले जाते. हा दुसरा प्रयोग चुकीचा आहे. हिमवर्षावात ढगातून बर्फ खाली पडतो. महाबळेश्वरात आकाश निरभ्र असते आणि बर्फ जमिनीलगतच तयार होतो. गार आणि हिम यांतही असाच फरक आहे. गार ही उंच वाढलेल्या गडगडाटी ढगात घडते, तिला कडाक्याच्या थंडीची गरज नसते.

हवामानशास्त्रीय कारणे

हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या वातप्रणालींना पश्चिमी विक्षोभ (किंवा पश्चिमी झंझावात) म्हणतात. भूमध्य समुद्र व कॅस्पियन समुद्राच्या परिसरात त्यांचा उगम होतो आणि उच्च स्तरावरील पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहातून त्या इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत हिमालयापर्यंत येतात. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील हिमवृष्टी आणि पंजाबातील गव्हाला मिळणारा हिवाळी पाऊस ही त्यांचीच देणगी. महाराष्ट्र सहसा त्यांच्या दक्षिण सीमेबाहेर राहतो. परंतु एखाद्या प्रबळ विक्षोभाची द्रोणी दक्षिणेकडे फार खाली उतरली, तर वरच्या थरात थंड व कोरडी हवा मध्य भारतापर्यंत पोहोचते. त्याच वेळी खालच्या थरात अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येत असतील, तर खाली उबदार-दमट आणि वर थंड-कोरडी अशी हवेची अस्थिर मांडणी तयार होते. विदर्भ आणि मराठवाड्यात असे संगम अधिक वेळा घडतात, कारण उपसागरावरून येणारे वारे तेथे प्रथम पोहोचतात.

विक्षोभ येताना आणि तो पुढे सरकल्यावर असे हवामानाचे दोन परस्परविरुद्ध टप्पे दिसतात. येताना मळभ दाटते. ढगांमुळे जमिनीची उष्णता रात्री निसटून जात नाही, म्हणून किमान तापमान वाढते आणि थंडी गायब झाल्यासारखी वाटते. तो पुढे गेला की आकाश मोकळे होते, उत्तरेकडील कोरडे गार वारे खाली उतरतात आणि दोन-तीन रात्रींत पारा झपाट्याने घसरतो. द्राक्षबागायतदाराला यामुळे एकाच आठवड्यात आधी बुरशीशी आणि मग गारठ्याशी झुंजावे लागते.

अवकाळी पावसाचे दुसरे कारण म्हणजे अरबी समुद्रातील चक्रीवादळे व कमी दाबाचे पट्टे. नोव्हेंबर २००९मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग व मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले आणि कोकणातील मच्छीमारांना त्याची मोठी झळ बसली. डिसेंबर २०१७मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळ गुजरात किनाऱ्याकडे सरकताना क्षीण झाले, तरी त्याच्या प्रभावाने ५ डिसेंबर रोजी मुंबईत दिवसभर पाऊस पडला. शाळांना सुट्टी देण्यात आली. दुसऱ्याच दिवशी महापरिनिर्वाण दिन असल्याने राज्याच्या कानाकोपऱ्यांतून दादरला आलेल्या अनुयायांच्या निवाऱ्याचा प्रश्न शिवाजी पार्कवरील चिखलामुळे बिकट झाला.

गारपीट

गडगडाटी ढगात वर चढणारा हवेचा झोत जोरदार असेल, तर पाण्याचे थेंब शून्य अंशाच्या पातळीच्या कितीतरी वर नेले जातात. तेथे ते शून्याखाली जाऊनही काही काळ द्रवरूपच राहतात. अशा अतिशीत थेंबांचा एखाद्या बर्फकणाला स्पर्श झाला की ते त्याच्यावर गोठतात. बर्फकण ढगात तरंगत असेपर्यंत त्याच्यावर थर चढत जातात. गार कापून पाहिल्यास पांढरट आणि पारदर्शक थर एकाआड एक दिसतात, ते याचमुळे. थेंब झटकन गोठले तर आत हवा अडकून थर दुधी होतो, सावकाश गोठले तर तो काचेसारखा होतो. वर चढणारा झोत तिचे वजन पेलेनासा झाला की गार खाली येते. अडीच ते साडेचार सेंटीमीटर व्यासाची गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळू शकते. पाच मिलिमीटरहून लहान बर्फकणांना हवामानशास्त्रात गार म्हणत नाहीत. मराठी शेतकरी गारेचे माप बोर, सुपारी, लिंबू अशा उपमांनी सांगतो, आणि पंचनाम्याच्या वेळी हीच मापे तोंडी येतात.

ऐन पावसाळ्यात ढग अधिक आणि पाऊस अधिक असूनही गारा क्वचितच का पडतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मोसमी हंगामात शून्य अंशाची पातळी जमिनीपासून साडेपाच-सहा किलोमीटर उंचीवर असते. तेथून निघालेली गार दमट व उबदार हवेतून एवढा प्रवास करताना वितळून तिचा थेंब होतो. हिवाळ्यात आणि हिवाळा संपता संपता ही पातळी बरीच खाली आलेली असते. शिवाय तापलेली जमीन आणि वरची थंड हवा यांतील तफावतीमुळे वर चढणारे झोतही अधिक वेगवान असतात. म्हणूनच फेब्रुवारीची अखेर आणि मार्च हा महाराष्ट्रात गारपिटीचा मुख्य काळ ठरतो.

फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट ही राज्याच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत विस्तृत होय. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर व मध्य महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत पुनःपुन्हा गारा पडल्या. सामान्यतः गारपीट एका अरुंद पट्ट्यात काही मिनिटे होते. एका शिवारात होत्याचे नव्हते होते आणि शेजारच्या गावात थेंबही पडत नाही. २०१४ साली मात्र ती सुमारे तीन आठवडे राज्यभर फिरत राहिली. काढणीला आलेला गहू, हरभरा व रब्बी ज्वारी झोपली, द्राक्षे आणि डाळिंबे झाडावरच फुटली, जनावरे व पक्षी दगावले. बारामतीजवळील माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने या घटनेचा अभ्यास करून कारणे, नुकसान आणि गारपिटीनंतरचे पीक व्यवस्थापन यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. गारपिटीचे नुकसान त्या दिवशीच संपत नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. डाळिंब, लिंबू, द्राक्ष यांच्या फांद्यांची साल गारांच्या माराने सोलली जाते आणि त्या जखमांतून रोग शिरतो. डाळिंबावरील तेल्या रोगाचा प्रसार अशा जखमांमुळे वाढतो. द्राक्षवेलीच्या काडीला मार बसला तर पुढील वर्षाची घडनिर्मितीही घटते.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड, चांदवड आदी तालुक्यांत गारपीट झाली. नोव्हेंबरातील ही गारपीट काळाच्या दृष्टीने असाधारण होती. त्याच दिवशी गुजरातमध्ये वीज पडून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

गारांपासून संरक्षणासाठी बागेवर जाळी किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे हा परिणामकारक उपाय आहे. त्याचा एकरी खर्च लहान बागायतदाराच्या आवाक्याबाहेर जातो. स्फोटांच्या लाटांनी गारा फोडण्याचा दावा करणाऱ्या ‘गारपीटविरोधी तोफा’ जगात अनेक ठिकाणी विकल्या जातात, परंतु जागतिक हवामानशास्त्र संघटनेच्या मते त्यांना शास्त्रीय आधार नाही.

दहिवर गोठणे

महाबळेश्वर येथील वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काही पहाटे गवत, स्ट्रॉबेरीची रोपे, मोटारींचे टप आणि बोटींच्या धक्क्यावरील फळ्या यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा आढळतो. सातपुड्यात नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरातही असे घडते. त्याच पहाटे महाबळेश्वरच्या वेधशाळेत नोंदलेले किमान तापमान मात्र शून्यापेक्षा कितीतरी अंश जास्त असते. यावरून दरवर्षी वाद झडतो आणि कोणीतरी नोंद खोटी ठरवतो. वास्तविक दोन्ही बाबी खऱ्या असतात.

हवामानखात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान मोजतो, गवताच्या पात्याचे नव्हे. निरभ्र, निर्वात रात्री जमीन व वनस्पती आपली उष्णता आकाशाकडे प्रारित करीत राहतात आणि त्यांना चिकटलेली हवा वरच्या हवेपेक्षा अधिक थंड होते. अशा रात्री पेटीतील पारा तीन-चार अंशांवर असतानाही पात्याचे तापमान शून्याखाली उतरू शकते. शिवाय थंड हवा जड असल्याने ती उतारावरून पाण्यासारखी वाहत जाऊन खोलगट जागी साचते. वेण्णा तलावाचा परिसर अशा खोलगटात आहे, वेधशाळा उंचावर आहे. वारा सुटला तर हा थर मोडतो आणि बर्फ होत नाही. ढग असले तरी होत नाही. म्हणून अत्यंत बोचऱ्या, वारा वाहत्या रात्रीपेक्षा शांत रात्र पिकाला अधिक घातक असते.

पर्यटकांना या दृश्याचे अप्रूप असते, पण स्ट्रॉबेरीच्या फुलांना ते मारक ठरते. पेशींमधील पाणी गोठून त्या फुटतात आणि ऊन पडल्यावर फूल काळे पडते. पहाटे तुषार सिंचन सुरू ठेवणे हा जुना व शास्त्रशुद्ध उपाय आहे, कारण पाणी गोठताना आपली सुप्त उष्णता सोडते आणि ती पात्याला मिळते. मात्र ऊन चांगले वर येईपर्यंत ते थांबवता येत नाही. अर्ध्यावर वीज गेली तर न केल्यापेक्षा अधिक हानी होते.

थंडीची लाट

मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट जाहीर केली जाते. घट याहून अधिक असल्यास ती तीव्र लाट ठरते. पारा ४ अंशांवर वा त्याखाली गेल्यास सरासरीचा विचार न करताही लाट मानतात. किनारपट्टीसाठी किमान तापमानाची मर्यादा १५ अंश आहे.

पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश आणि मुंबईत सांताक्रूझ येथे जानेवारी १९६२मध्ये ७.४ अंश या नीचांकी नोंदी आहेत. नागपूरचा ३.५ अंशांचा नीचांक अलीकडचा, डिसेंबर २०१८चा आहे. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे पारा २ अंशांच्या खाली गेला. निफाडच्या आकड्यांना दरवर्षी प्रसिद्धी मिळते. ते आकडे कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्राच्या शेतातील आहेत. गोदावरी आणि कादवेचे हे सपाट, सखल, बागायती खोरे रात्री लवकर थंड होते.

पिकांवरील परिणाम

थंडी ही सर्वच पिकांची वैरी नव्हे. गहू व हरभऱ्याला ती हवीच असते आणि हापूसला मोहर येण्यासाठीही ती लागते. परंतु कोकणात थंडी लांबली की फळधारणा झालेल्या फांद्यांवर पुन्हा मोहर फुटतो, अन्नरस नव्या मोहराकडे वळतो आणि वाटाण्याएवढी झालेली कैरी गळते. त्यातच मळभ आले तर तुडतुडे, भुरी आणि करपा यांचा उपद्रव सुरू होतो. जळगाव जिल्ह्यातील केळीबागांत पारा १० अंशांखाली राहिल्यास पाने पिवळी पडतात, वाढ थांबते आणि घड खोडाबाहेर नीट न पडता अडकतो.

द्राक्षाचे पीक या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झाल्यावर साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात माल निघतो, म्हणजे पिकाची प्रत्येक अवस्था हिवाळ्यातच येते. फुलोऱ्यात पाऊस झाला तर मणीगळ व घडकूज होते. पाने ओली राहिल्यास केवडा पसरतो. मण्यात साखर भरत असताना पाऊस झाल्यास मुळांनी ओढलेले पाणी मण्यात शिरून साल तडकते. तडकलेला माल ना निर्यातीला चालतो ना बाजाराला. थंडी वाढली की मण्यांची फुगवण थांबते, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील तफावतीमुळे हिरव्या वाणांच्या मण्यांवर गुलाबी छटा येते (‘पिंक बेरी’). कडाक्याच्या थंडीत बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने विहिरीचे पाणी सोडतात, कारण ते पहाटेच्या हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात बेदाण्यासाठी शेडमधील जाळ्यांवर वाळत घातलेली द्राक्षे दमट हवेने काळवंडतात. त्यामुळे द्राक्ष विकणे परवडत नाही म्हणून बेदाणा करावा, ही पळवाटही पाऊस बंद करतो.

पूर्व विदर्भात नोव्हेंबर-डिसेंबरात धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या किंवा पुंजणे रचलेले असतात. पावसात भिजलेल्या धानाला कोंब फुटतात. वेचणीला आलेला कापूस भिजून पिवळा पडतो, तुरीचा फुलोरा गळतो, हरभऱ्यावर ढगाळ हवेत घाटे अळी वाढते आणि कांद्याच्या पातीवर करपा येतो.

पशुधन व श्रमिक

डिसेंबर २०२१च्या पहिल्या दिवसांत अरबी समुद्रातील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे पुणे, अहमदनगर (आता अहिल्यानगर) व नाशिक जिल्ह्यांत संततधार पाऊस झाला आणि त्यात शेकडो मेंढ्या दगावल्या. मेंढी थंडी सहन करते ती लोकरीत अडकलेल्या हवेमुळे. लोकर भिजली की ही ऊब संपते आणि वर वारा सुटला तर शरीराची उष्णता काही तासांत निघून जाते. नुकतीच लोकर कातरलेली मेंढी आणि कोकरे प्रथम बळी पडतात. धनगरांचे कळप या काळात उघड्या रानात वाड्यावर बसलेले असतात, आडोशाला झाडाखेरीज काही नसते.

याच महिन्यांत मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात आलेले ऊसतोड मजूर फडाजवळ पाचटाच्या व बांबूच्या कोप्यांत राहतात. पावसाने कोपीत पाणी शिरते, फडात गाडी रुतते आणि तोड बंद पडते. तोड बंद म्हणजे मजुरी बंद, कारण ती टनावर ठरलेली असते. वीटभट्टीवर वाळत घातलेल्या कच्च्या विटा पुन्हा माती होतात, तेथेही मजुरी मोडते. या वर्गाच्या नुकसानीची नोंद बहुधा कोठेच होत नाही, कारण पंचनामा सातबाऱ्याच्या आधारे होतो आणि यांच्या नावे सातबारा नसतो.

पूर व धुके

हिवाळ्यात महाराष्ट्रातील मोठ्या नद्यांना पूर येणे दुर्मीळ आहे, कारण पात्रे रिती झालेली असतात. ओढ्यानाल्यांना अचानक लोंढा येणे आणि शहरांत पाणी तुंबणे एवढ्यापुरता धोका मर्यादित राहतो. नदीपात्रात या काळात टरबूज-काकडीच्या वाड्या केलेल्या असतात, त्यांना मात्र छोटा लोंढाही पुरतो. पाऊस होऊन आकाश निवळल्यावर दुसऱ्या पहाटे घाटरस्त्यांवर व नदीखोऱ्यांत दाट धुके पडते, ते अपघातांना कारण होते.

पूर्वसूचना

भारतीय हवामानशास्त्र विभागाची मुंबई, पुणे व नागपूर येथील कार्यालये जिल्हानिहाय इशारे पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत प्रसिद्ध करतात. हिरवा रंग धोका नसल्याचे दर्शवतो. विक्षोभाची चाहूल चार-पाच दिवस आधी लागते. गार नेमकी कोणत्या शिवारात पडेल हे मात्र रडारवर ढग दिसल्यानंतरच, म्हणजे दोन-तीन तास आधी कळू शकते. एवढ्या वेळात काढलेला माल झाकता येतो, जनावरे गोठ्यात घेता येतात, उभी बाग वाचवता येत नाही. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल उपयोजन तयार केले आहे.

पंचनामे, मदत व विमा

केंद्र शासनाच्या आपत्तींच्या यादीत गारपीट, थंडीची लाट व दहिवर यांचा समावेश आहे, अवेळी पावसाचा नाही. महाराष्ट्र शासनाने अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज पडणे, समुद्राचे उधाण व आकस्मिक आग यांना स्वतंत्रपणे राज्य आपत्ती घोषित करून ही उणीव भरून काढली. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक संयुक्त पंचनामा करतात आणि ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असल्यास मदत मिळते. २०१५पूर्वी ही अट ५० टक्के होती.

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते. हा निकष पावसाळ्यास अनुरूप आहे. हिवाळ्यात याच्या निम्म्याहून कमी पावसात द्राक्षाचे मणी तडकतात. फळपिकांसाठीच्या हवामान आधारित विमा योजनेत अवेळी पाऊस व किमान तापमान यांचे वेगळे निकष ठरवलेले आहेत, आणि ते मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर तपासले जातात. ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभारण्यात आली. एका मंडळात अनेक गावे येतात, आणि थंड हवा साचणारा खोलगट किंवा पावसाचा अरुंद पट्टा केंद्रापासून चार-पाच किलोमीटरवर असू शकतो. अशा वेळी बाग गारठलेली असते आणि केंद्राची नोंद निकषाच्या आत असते. गारपिटीसाठी या योजनेत जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि त्याचे नुकसान केंद्राच्या नोंदीवरून न ठरवता प्रत्यक्ष बागेत येऊन पाहिले जाते.